रिलेवरचं बेरजेचं मशीन : कामाच्या नोंदी

८ जून

एका फौंड्रीत सँड प्लँटचा जुना कंट्रोल पॅनल काढून पीएलसी (कंट्रोलचा छोटा कॉम्प्युटर) बसवला, आणि जुना पॅनल "तुम्हीच न्या, जागा मोकळी करा" म्हणून आमच्या गळ्यात पडला. पत्रा आणि तांबं भंगारात जाईल, पण आतले रिले, म्हणजे कॉईलला करंट दिला की आपोआप काँटॅक्ट बदलणारे स्विच, टाकवेनात. सगळे एका जातीचे, चौदा पिनांचे, चार चेंजओव्हरवाले (प्रत्येकात एक कॉमन, रिले उचललेला नसताना त्याला जोडलेला एनसी आणि उचलला की जोडला जाणारा एनओ), पारदर्शक टोपीचे, आणि वर बेससकट. त्यामुळे बरेच दिवस डोक्यात घोळत असलेलं काम आता सुरू करतोय : नुसत्या रिलेवर चालणारं चार बिटचं (बिट म्हणजे ० किंवा १ एवढाच अंक बसणारं एक घर) बेरजेचं मशीन. आयसी एकपण नाही, मायक्रोकंट्रोलर नाही. दिवे, टॉगल स्विच, रिले आणि २४ व्होल्टचा एसएमपीएस (डीसी सप्लाय), बास. नोंदी लिहून ठेवतोय कारण पुढं वायर शोधताना मलाच लागणार आहेत, आणि अजून कुणाला करून बघायचं असेल तर त्यालाही उपयोग होईल.

आज नुसती छाननी केली. प्रत्येकाची कॉईल मीटरवर मोजली. ६५० ओहमच्या आसपास आली की तो २४ व्होल्ट डीसीचा, म्हणजे ३७ मिलिअँपच्या आसपास करंट, जेमतेम एक वॅटचा. त्यातच २३० एसीचेपण मिसळलेले आहेत, दिसायला हुबेहूब तसेच, पण कॉईल दहा किलोओहमच्या वर दाखवते, ते बाजूला. दोघाचौघांच्या टोपीत काळी भुकटी जमलीय, फौंड्रीतनं आलेत म्हटल्यावर ते आलंच.

भाची डिप्लोमाला आहे, कॉम्प्युटर ब्रँच. ती बघून म्हणाली, "मामा, याचा कॉम्प्युटर होणार?" म्हटलं लगेच कॉम्प्युटर नाही, पण कॉम्प्युटरच्या पोटात बेरीज करणारा जो भाग असतो तो होणार. तिला ट्रुथ टेबल (कुठल्या इनपुटला काय उत्तर, त्याचे तक्ते) तोंडपाठ आहेत, पण रिलेचा सॉकेट हातात दिला तर कॉमन कुठला हे सांगता येईना. तर आता सुट्टीभर ती हेल्पर.

११ जून

आज वायरिंग काहीच नाही, टेबलावर सुटे स्विच आणि एक दिवा घेऊन तिची लॉजिक गेटं (अँड, ऑर, नॉट, एक्सॉर) तिला दाखवत बसलो. पॅनलवाल्याला हे वेगळं शिकवायला लागत नाही. पॉवर प्रेसला दोन पुश बटणं सिरीजमध्ये असतात, दोन्ही हात बटणावर असल्याशिवाय प्रेस खाली येत नाही, हे झालं अँड. पंप घरातनं पण चालू करायचा आणि विहिरीवरनं पण, तर दोन बटणं पॅरलल, हे ऑर. एनसी काँटॅक्ट म्हणजे नॉट, रिले उचलला की दिवा जातो. आणि जिन्याचा दिवा, वर एक स्विच खाली एक, दोन्ही एकाच दिशेला असले की बंद आणि वेगवेगळे असले की चालू, हे तिचं एक्सॉर. हे ऐकून ती दोन मिनिटं गप्प झाली आणि मग म्हणाली, "आम्हाला हे असं कुणी सांगितलंच नाही."

तसं बघायला गेलं तर जगालासुद्धा हे १९३७ पर्यंत कुणी नीट सांगितलं नव्हतं. जॉर्ज बूलनं खरं-खोटं याचं गणित १८५४ मध्येच पुस्तकात मांडून ठेवलेलं, पण ते तर्कशास्त्रवाल्यांचं पुस्तक, वायरमन कशाला वाचतोय. इकडं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये हजारो रिले टकटक करत होते आणि त्यांची सर्किटं अनुभवावर, अंदाजानं, एकाचं बघून दुसऱ्यानं अशी व्हायची. अमेरिकेत एमआयटीमध्ये क्लॉड शॅनन नावाचा एकवीस वर्षांचा पोरगा शिकत होता, तिथं डिफरन्शियल अ‍ॅनलायझर नावाचं एक मोठं यांत्रिक गणित-यंत्र होतं, त्याच्या कंट्रोलला शंभरावर रिले होते, आणि हा त्या यंत्रावर कामाला. त्यानं बूलचं गणित आधी शिकलेलं होतं. त्याच्या लक्षात आलं की सिरीज आणि पॅरलल म्हणजे बूलच्या गुणाकार-बेरजेसारख्याच क्रिया, म्हणजे सर्किट कागदावर समीकरणासारखं लिहायचं, कमी करायचं आणि मग जोडायचं, जादाचे काँटॅक्ट आपोआप गळून पडतात. हे त्यानं मास्टर्सच्या थीसिसमध्ये लिहिलं, १९३८ मध्ये ते छापून आलं, आणि त्यातल्या उदाहरणांत दोनच्या पायावर बेरीज करणारं सर्किटपण आहे. आमच्या धंद्यात अजून निम्मे लोक अंदाजानंच करतात ते सोडा.

१५ जून

पहिली बेरीज झाली. एक बिट अधिक एक बिट, दोन रिले. ० आणि ० म्हणजे काहीच नाही, १ आणि ० म्हणजे १, इथपर्यंत ठीक, १ आणि १ म्हणजे २ पण दोन लिहायला अंकच नाही, म्हणून शून्य लिहून हातचा एक. बेरजेचा दिवा म्हणजे जिन्याचं सर्किट आणि हातच्याचा दिवा म्हणजे प्रेसचं सर्किट, दोन्ही त्याच दोन रिलेच्या काँटॅक्टवर. जोडायला चहा गार व्हायच्या आत संपलं.

बरोबर हेच काम १९३७ च्या नोव्हेंबरमध्ये जॉर्ज स्टिबिट्झनं केलेलं. हा बेल लॅब्जमध्ये गणिती, टेलिफोनचे दोन रिले घरी आणले, टॉर्चचे बल्ब घेतले, तंबाखूच्या डब्याच्या पत्र्याच्या पट्ट्या कापून स्विच केले आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर बेरीज करणारं सर्किट मांडलं. त्यावरनंच कंपनीत पुढं साडेचारशेच्या आसपास रिलेचं मशीन झालं, १९४० पासून चालू, आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये स्टिबिट्झनं डार्टमथ कॉलेजात टेलिप्रिंटर ठेवून तिथनं टेलिफोन लाइनवरनं न्यूयॉर्कमधल्या मशीनला गणितं घातली आणि उत्तरं तिथंच छापून घेतली. म्हणजे मशीन एका गावात आणि माणूस दुसऱ्या, हे १९४० ला झालंय. भाचीला हे पटेना, मोबाईलवर शोधून बघितलं मग पटलं.

२२ जून

आजची नोंद मोठी आहे कारण सगळं मशीन याच्यावर उभं आहे.

एका बिटला नुसते दोन आकडे नसतात, मागच्या घरातनं आलेला हातचापण असतो, म्हणजे तीन. साधा उपाय म्हणजे वरचं सर्किट दोनदा लावायचं, पण त्यात हातच्यासाठी परत एक रिले लागतो आणि तो उचलायला वेळ घेतो. आमच्या या रिलेला उचलायला वीस मिलिसेकंदांपर्यंत लागतात. चार घरं असली तर पहिल्याचा हातचा दुसऱ्याचा रिले उचलणार, मग दुसऱ्याचा तिसऱ्याला, असं करत शेवटपर्यंत जायला चौपट वेळ. चार बिटला चालतंय, बत्तीसला चालत नाही.

याच्यावरचा उपाय म्हणून कोनराड झुझच्या नावानं एक जोडणी ओळखली जाते ती वापरलीय, फार डोकेबाज आहे. हातच्यासाठी एक वायर नाही, दोन वायर. एकीवर २४ व्होल्ट असले तर "हातचा आहे", दुसरीवर असले तर "हातचा नाही". पहिलीला मी लाल फेरूल (वायरवरची खुणेची नळी) घातलंय, दुसरीला निळं. प्रत्येक घराला रिले दोनच, अ आणि ब, प्रत्येकी चार चेंजओव्हर, म्हणजे आठ काँटॅक्ट, आणि ते आठही कामाला येतात, एकही उरत नाही, कमीही पडत नाही.

जोडणी अशी. मागनं आलेली लाल वायर अ च्या पहिल्या कॉमनला, निळी दुसऱ्या कॉमनला, आणि त्या दोघांचे एनओ-एनसी एकमेकांत उलटे-सुलटे जोडले, त्यातनं दोन वायर निघतात, त्या ब च्या पहिल्या एनसी आणि एनओला, आणि त्याच्या कॉमनवर बेरजेचा दिवा. हा झाला तीन स्विचचा जिना. आता हातचा पुढं कसा जातो बघा. दोन्ही आकडे १ असतील तर मागनं काय आलं याच्याशी देणंघेणं नाही, हातचा असणारच, म्हणून सरळ सप्लायमधनं २४ व्होल्ट लाल वायरवर. दोन्ही ० असतील तर हातचा नसणारच, सप्लाय सरळ निळीवर. एकच १ असेल तर मागचं जे आलंय तेच पुढं ढकलायचं, लाल तर लाल, निळी तर निळी. सप्लायची वायर ब च्या तिसऱ्या कॉमनला आहे आणि हातचा बाहेर पडतो अ च्या तिसऱ्या-चौथ्या कॉमनमधनं.

यातली मजा अशी की हातचा रिले उचलत नाही, तो नुसता आधीच उचललेल्या काँटॅक्टमधनं पळत जातो. सगळे रिले एकदमच उचलतात आणि त्यानंतर हातचा चार घरं काय चाळीस घरं काय, वायरमधनं करंट जायला जेवढा वेळ तेवढ्यात शेवटाला. कागदावर दोनदा तपासलं, भाचीनं तिच्या पद्धतीनं आठही ओळींचं टेबल मांडून तपासलं, बरोबर आहे.

झुझ हा बर्लिनचा सिव्हिल इंजिनीअर, विमान कंपनीत त्याच त्याच आकडेमोडीला कंटाळलेला. आईवडिलांच्या घरातल्या बैठकीच्या खोलीत पहिलं मशीन केलं, ते पत्र्याच्या सरकत्या पट्ट्यांचं, अडकायचं सारखं. नंतर रिलेवर आला. १२ मे १९४१ ला त्यानं झेड-३ चालवून दाखवलं. दोन हजारांवर रिले, बावीस बिटचे आकडे, आणि काय करायचं ते सिनेमाच्या जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मला भोकं पाडून. बेरजेला सेकंदभर नाही लागायचा, गुणाकाराला तीनेक सेकंद. १९४३ च्या बाँबहल्ल्यात ते मशीन गेलं. आत्ता म्युनिकच्या डॉइचेस म्युझियममध्ये आहे ते नंतर परत बांधलेलं.

२९ जून

चारही घरं वायर झाली. डिन रेलवर आठ रिले, वर अ ची ओळ आणि खाली ब ची, मधे चॅनेल. अर्धा स्क्वेअर एमएमची वायर, दोन्ही टोकांना लग आणि नंबर फेरूल, या बाबतीत तडजोड नाही, भाची "घरचंच तर आहे" म्हणत होती पण आठवड्यानं एक वायर शोधायची वेळ आली की कळतं. हातच्याच्या प्रत्येक लाल आणि निळ्या वायरवर एकेक एलईडी लावला, २.२ किलोओहमच्या रेझिस्टन्समधनं.

टेस्टला ७ अधिक १ घेतलं. ०१११ आणि ०००१. यात पहिल्या घरात हातचा तयार होतो आणि पळत पळत चौथ्या घरापर्यंत जातो, म्हणजे पूर्ण साखळी तपासून होते. उत्तर १००० यायला पाहिजे, आलं ००००.

एलईडी दोन्ही वायरना लावल्याचा इथं फायदा झाला. हातचा असो नसो, दोन्हींपैकी एक एलईडी लागलाच पाहिजे. तिसऱ्या घरातनं बाहेर पडताना लालपण विझलेला आणि निळापण. म्हणजे गणित चुकलेलं नाही, काँटॅक्ट तुटलाय, आणि तो कुठं तुटलाय तेही मीटर न लावता दिसलं. ब रिलेचा दुसरा एनसी. बेसमधनं काढून मोजला तर कधी चाळीस ओहम कधी ओपन, टिचकी मारली की आकडा हलतोय. दुसरा रिले घातला, १००० लख्ख. आधी तोंडी हिशेब करून मग स्विच टाकायचा असा खेळ भाचीनं जेवायच्या वेळेपर्यंत चालवला.

काढलेला रिले साफ केला. टोपी उघडून, जाड कागदाची पट्टी आयपीएमध्ये (आयसोप्रोपिल अल्कोहोल) भिजवून बंद काँटॅक्टमधनं दोनतीनदा ओढायची, काळं निघतं. पॉलिश पेपर किंवा कानस लावायची नाही, वरचा मुलामा जातो आणि मग तो रिले महिन्याभरात परत रुसतो. पावसाळ्यात कोल्हापुरात हवेत एवढा दमटपणा असतो की बंद पडून राहिलेले काँटॅक्ट असंच करतात. हार्वर्डच्या मार्क-२ मशीनमध्ये १९४७ च्या सप्टेंबरमध्ये रिलेच्या काँटॅक्टमध्ये पतंग अडकून मेला होता, ऑपरेटरनी तो चिकटपट्टीनं लॉगबुकात चिकटवून ठेवला, तो अजून आहे म्युझियममध्ये. आमच्यात पाली सापडतात, चिकटवत कोण नाही.

५ जुलै

वजाबाकी. वेगळं मशीन लागत नाही. ब चे सगळे बिट उलटे करायचे आणि पहिल्या घराला बाहेरनं एक हातचा द्यायचा. ५ मधनं ३ : ०१०१ मध्ये ००११ च्या उलट ११०० मिळवायचे, वर १, येतात १००१०, पाचवं घर आपल्याकडं नाहीच, राहिले ००१०, म्हणजे २. ब चे टॉगल स्विच टू-वे होतेच, त्यांच्या एका बाजूला "अधिक" बस आणि दुसऱ्या बाजूला "वजा" बस दिली, आणि एकाच मोठ्या टॉगलनं बसपण बदलते आणि पहिला हातचा निळ्यावरनं लालवर जातो. एका संध्याकाळचं काम.

हे पटकन झालं पण एक नवीन गोष्ट मिळाली, वजाबाकीत शेवटच्या घरातनं लाल बाहेर आली तर भागली, निळी आली तर वरचा आकडा लहान पडला. हे पुढं कामाला येणार आहे.

१२ जुलै

आत्तापर्यंतचं मशीन स्विच धरला तोवर उत्तर दाखवतं, सोडला की विसरतं. आता लक्षात ठेवायचं.

भाचीनं वहीत फ्लिप-फ्लॉपचं चित्र काढून आणलं, दोन गेट एकमेकांत अडकवलेली. मी तिला घराच्या मागं नेऊन पंपाचा स्टार्टर उघडून दाखवला. हिरवं बटण दाबलं, कॉन्टॅक्टर (मोठा रिलेच तो) उचलला, बोट काढलं तरी पंप चालूच, का? कारण कॉन्टॅक्टरचाच एक एनओ हिरव्या बटणाच्या पॅरलल आहे, एकदा उचलला की तो स्वतःचा सप्लाय स्वतःच धरून ठेवतो. लाल बटण एनसी, सिरीजमध्ये, दाबलं की होल्डिंग तुटतं. ही एका बिटची मेमरी. मळ्यातल्या प्रत्येक स्टार्टरमध्ये आहे. कुणीतरी दुपारी हिरवं दाबलं होतं ही गोष्ट तो स्टार्टर रात्रीपर्यंत लक्षात ठेवतो, आणि लाइट गेली की विसरतो, रॅमसारखंच. ऑटो स्विच लावणारे ते विसरू देत नाहीत तो भाग वेगळा.

चार रिले असेच होल्डिंगमध्ये लावले, चौघांच्या होल्डिंगचा सप्लाय एकाच एनसी बटणातनं, म्हणजे ते बटण दाबलं की चारही बिट साफ. याला आम्ही साठा म्हणतोय. त्यांच्या कॉईलना पॅरलल बेरजेचे अ रिले जोडले, कारण अ चे चारही काँटॅक्ट बेरजेत गुंतलेत, होल्डिंगला पाचवा मिळत नाही.

झुझच्या झेड-३ ची मेमरी चौसष्ट आकड्यांची, आकडा बावीस बिटचा, म्हणजे १४०८ बिट, आणि त्या प्रत्येकाला एक रिले. त्याचे निम्म्याच्या वर रिले नुसते लक्षात ठेवण्यात गेले, गणित करायला सहाएकशे. म्हणजे तेव्हापासूनच मेमरी महाग. मी सहज हिशेब केला, मोबाईलवरचा तीन एमबीचा एक फोटो रिलेत ठेवायचा तर दोन कोटी चाळीस लाख रिले, त्यातले निम्मे उचललेले धरले आणि एकाला ०.९ वॅट, तर जवळपास अकरा मेगावॅट, फक्त तो फोटो विसरू नये म्हणून. भाची म्हणाली सेल्फी डिलीट करते.

२० जुलै

पाऊस जोरात, राजाराम बंधारा पाण्याखाली, साइटची कामं बंद, त्यामुळे इकडं बरंच पुढं सरकलं.

उत्तर परत साठ्यात घालायचं म्हणजे बेरीज चढत जाईल. पण थेट जोडता येत नाही. साठ्यात ३ आहे, ब वर २, उत्तर ५, ते साठ्यात गेलं रे गेलं की बेरजेला अ म्हणून ५ दिसणार, उत्तर ७ होणार, तेही साठ्यात शिरणार, आणि सगळे रिले एकाच वेगानं हलत नाहीत त्यामुळे शेवटी काय राहील ते देव जाणे. म्हणून मधे अजून एक चार रिलेचा साठा पाहिजे, उत्तर आधी त्या मधल्या साठ्यात, मग दार बंद, मग मुख्य साठा साफ, मग दुसरं दार उघडून मधल्यातनं मुख्यात. कालव्यात दोन दारांच्या लॉकमधनं जहाज चढवतात तसं, एका वेळी एकच दार. दार म्हणजे एकेक रिले, चार काँटॅक्ट चार बिटना.

ही चार कामं ठरल्या क्रमानं करायला घड्याळ पाहिजे. इलेक्ट्रॉनिक टायमर वापरायचा नाही म्हटल्यावर एका जुन्या डिस्प्लेची सिंक्रोनस गिअर मोटर घेतली, मिनिटाला साठ फेरे, तिच्या शाफ्टवर हायलमच्या शीटचे चार कॅम (कडेला खड्डे असलेल्या चकत्या) कापून बसवले आणि प्रत्येकावर रोलरवाला मायक्रोस्विच. पहिला कॅम मधला साठा साफ करतो, दुसरा पहिलं दार उघडतो, तिसरा मुख्य साठा साफ, चौथा दुसरं दार. एका फेऱ्यात एक बेरीज, सेकंदाला एक. झुझचं घड्याळपण मोटरवरच फिरायचं, सेकंदाला पाचच्या आसपास ठोके.

एक लक्षात ठेवण्यासारखं : मायक्रोस्विचवर ठिणगी पडू नये म्हणून कॉईलना ४००७ डायोड उलटे लावले, पण डायोड लावला की कॉईलमधला करंट आतल्या आत फिरत राहतो आणि रिले सोडायला जास्त वेळ घेतो. म्हणून साफ करणाऱ्या दोन्ही कॅमचे खड्डे रुंद ठेवले. आवाज मस्त येतो, दर सेकंदाला टक-टक-खडाक.

३ ऑगस्ट

आता खरा प्रश्न, याला कॉम्प्युटर म्हणायचं का. भाचीचं म्हणणं नाही, कारण प्रोग्राम नाही, मी बटणं बदलली तर काम बदलतं. बरोबर आहे तिचं. पण मग एनिॲकपण सुरुवातीला तसलंच. १९४६ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात ते जगाला दाखवलं, अठरा हजारांच्या आसपास व्हॅक्युम ट्यूब, दीडशे किलोवॅट, सेकंदाला पाच हजार बेरजा, म्हणजे माझ्यापेक्षा पाच हजार पट, कारण ट्यूबमध्ये हलणारं काहीच नाही, ओढायला कॉईल नाही, आपटायला काँटॅक्ट नाही. पण नवीन गणित घालायचं तर सहा बायका दिवसेंदिवस केबली बदलून लावायच्या. पॅनल रिवायरिंगच ते.

यातनं सुटका कशानं झाली, तर काय करायचं हेसुद्धा आकडे करून त्याच मेमरीत ठेवलं त्यानं. २१ जून १९४८, मँचेस्टर विद्यापीठ, "बेबी" नावाचं लहान मशीन, बत्तीस शब्दांची मेमरी, प्रत्येक शब्द बत्तीस बिट, आणि मेमरी कशाची तर टीव्हीसारख्या पिक्चर ट्यूबच्या काचेवरच्या चार्जच्या ठिपक्यांची. प्रोग्राम बदलायचा तर वायर नाही बदलायची, आकडे बदलायचे. आणि गंमत म्हणजे बेबीला गणितातली वजाबाकी एवढीच येत होती.

आपल्याकडचं बघितलं तर मुंबईत टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्चमध्ये आर. नरसिंहन यांच्या टीमनं टिफ्रॅक बांधलं, १९६० पासून कामाला आलं, नाव १९६२ मध्ये नेहरूंनी दिलं. २७०० ट्यूब, १७०० जर्मेनियम डायोड, १२,५०० रेझिस्टन्स. बाहेरनं आणलेलं नाही, इथं जोडलेलं, हा आकडा वाचला की माझ्या डोळ्यापुढं पहिलं येतं ते सोल्डरिंग करणारे हात. मेमरी फेराइटच्या बारक्या रिंगांची, २०४८ शब्द, शब्द चाळीस बिटचा, म्हणजे ८१,९२० बिट, दर बिटला एक रिंग. त्या रिंगा सप्लाय गेला तरी विसरत नाहीत, कारण लक्षात करंट नाही ठेवत, लोहचुंबकाची दिशा ठेवते. माझ्या साठ्याला ते जमत नाही, एमसीबी पडली की शून्य.

प्रोग्राम मेमरीत ठेवायला माझ्याकडं रिले नाहीत, हे उघड आहे. पण अट घालता येईल. "असं झालं तर थांब." झेड-३ ला तेपण येत नव्हतं, फिल्मची दोन टोकं जोडून तेच तेच परत करता यायचं एवढंच. शेवटच्या घराच्या निळ्या वायरवर एक रिले टाकतोय, त्याचा एनसी मोटरच्या लाइनमध्ये. वजाबाकी करत राहा, भागत नाही असं दिसलं की मोटर बंद.

१० ऑगस्ट

थांबायचा रिले लावला तेव्हा मोटर एकही फेरा पूर्ण करेना. कारण मधेच मुख्य साठा साफ होतो, त्या क्षणी बेरजेला शून्यातनं तीन वजा दिसतं, निळी लागते, मोटर तिथंच बंद, आणि साठा रिकामा तो रिकामाच. उपाय : पाचवा कॅम. फेराभर तो थांबायच्या एनसीला बायपास करतो, फक्त फेऱ्याच्या शेवटच्या टप्प्यात, सगळे रिले स्थिर झाल्यावर, बायपास सोडतो. म्हणजे विचारायचं ते एकाच ठरलेल्या वेळी. भाची म्हणाली सरांनी क्लॉक एज म्हणून शिकवलं होतं ते हेच असणार.

मग १३ साठ्यात घातले, ब वर ३, मोठा टॉगल वजावर. १०, ७, ४, १, आणि मोटर थांबली. दिव्यात ०००१. तेराला तीननं भागलं, बाकी एक. बेबीचा पहिला प्रोग्राम याच रस्त्यानं गेलेला, दोनचा अठरावा घात, म्हणजे २,६२,१४४, तो स्वतः सोडून त्याचा सगळ्यात मोठा भाजक शोधायचा, आणि भागाकार येत नाही म्हणून सारखं वजा करत बसायचं. ५२ मिनिटं चाललं आणि उत्तर बरोबर आलं, १,३१,०७२. उत्तर आधीच माहीत असलेलं गणित मुद्दाम घातलं होतं, मशीन तपासायला, जसं आम्ही ७ अधिक १ घातलं.

बाकी मिळाली पण भागाकार किती वेळा झाला ते मोजणारं काही नाही, ते अजून आम्ही बोटांवर मोजतोय. त्याला चार बिटचा काउंटर पाहिजे. २४ व्होल्टचे चांगले रिले संपलेत, २३० एसीवाले पडून आहेत पण ते या लाइनवर चालणार नाहीत. भंगारवाल्याला सांगून ठेवलंय, पॅनल आला तर फोडायच्या आधी फोन कर.